हिरव्या पाकिटाखालची पेटी

मी साठवणपेटी बोलतेय. तायपेईत को तुंग-ह्वा यांच्या घरी, पूर्वजांच्या देव्हाऱ्याखालच्या फळीवर माझा मुक्काम. घरातले फोन, संगणक वायफायवरून आपापले फोटो आणि कागद माझ्याकडे टाकतात. पोटात दोन डिस्क. एकीवर उतरतं तेच दुसरीवर.

माझा कुणावरच विश्वास नाही. वरून उदबत्तीची राख पडते, शेजारी मांजर टपलेलं असतं. पण सगळ्यांत जास्त संशय मला डोक्यावरच्या हिरव्या पाकिटाचा. आमच्याकडे यंत्राने नीट चालावं म्हणून त्यावर नारळाच्या चवीच्या खाऊचं पाकीट ठेवतात. हिरवंच हवं, न फोडलेलं हवं आणि मुदत संपलेली चालत नाही.

मालकांची बायको मेइ-श्युए घरातच माईक घेऊन गायची, मालक ते फोनवर उतरवून घ्यायचे. ती गेली, गाणी राहिली. 'पेटीत आहेत ना' म्हणत मालकांनी फोनमधली पुसून टाकली. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला.

एके दिवशी माझी एक डिस्क कुरकुरू लागली. मी लाल दिवा लावला, कोकलले. मालकांनी बटण दाबून माझा आवाज बंद केला, पाकीट सरळ केलं आणि दटावलं, "शहाण्यासारखं वाग हं!" आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

मेइ-श्युएच्या स्मृतिदिनाला लेक ई-च्यून सिन्चूहून आली. तिच्या पिशवीत नवी डिस्क दिसली. आली माझी सवत, असं मला वाटलं.

"बाबा, गाण्यांची एक प्रत मी माझ्याकडे नेते."

"कशाला? आत दोन आहेत की."

"दोन्ही एकाच पेटीत! पाणी शिरलं तर दोन्ही एकदम जातील."

"तुझ्या आईचा आवाज या घराबाहेर जाणार नाही. विषय संपला."

मला मालकांचा राग आला आणि कीवही आली. ई-च्यूनने पाकीट उचलून उलटं केलं.

"बाबा, याची मुदत कधीच संपलीय."

लाल दिव्याला न घाबरलेला माणूस पांढराफटक पडला. "अरे देवा! पळ, नवीन आण. नाही, थांब. आधी प्रत कर. आत्ताच्या आत्ता!"

तिने तार जोडली. अर्ध्यातच आजारी डिस्कने मान टाकली. दुसरीचाही मला भरवसा नव्हता, एकाच कारखान्यात एकाच दिवशी जन्मलेल्या त्या दोघी. पण त्या दुसरीने शेवटचं गाणंसुद्धा पोचवलं.

आता डोक्यावर ताजं पाकीट आहे, पोटात मेलेल्या डिस्कच्या जागी नवी आहे आणि एक प्रत सिन्चूला गेलीय. तुम्हाला एवढंच विनवते, पाकिटावर विसंबू नका, आणि माझ्यावर तर मुळीच नको.

जाण्याआधी ई-च्यूनने खात्री करायला आपल्या डिस्कवरचं एक गाणं लावलं. सुरांच्या आधी मेइ-श्युएचा आवाज आला, "अहो, नक्की उतरतंय ना? तुमचं काही खरं नाही. पुन्हा एकदा बघा."

मालकांनी डोळे पुसले. "बघितलं गं," ते म्हणाले, "या वेळी बघितलं."