लेकीच्या वाट्याचा चेंडू
सांगलीच्या उन्हात सकाळपासून शिट्टी फुंकून माझा जीव मेटाकुटीला आला होता, आणि सातारा विरुद्ध सांगली हा मुलींचा अंतिम सामना अजून बाकीच होता. पंच मिळत नाहीत, म्हणून साताऱ्याच्या संघात स्वतःची लेक खेळत असतानाही लालासाहेबांनाच मुख्य पंच नेमलेलं. आयोजकांचं एकच पालुपद, "मॅडम, दुसऱ्या पंच तुम्ही आहात ना!"

बास्केटबॉलचा सामना सुरू होतो तो उडीनं. दोन्ही संघांची एकेक मुलगी समोरासमोर उभी राहते, मुख्य पंच दोघींच्या मधोमध चेंडू सरळ वर उडवतो आणि जिची उडी उंच, ती तो आपल्या संघाकडे ढकलते. लालासाहेबांचा चेंडू मात्र क्रांतीपासून, म्हणजे त्यांच्या लेकीपासून, वीतभर लांब जायचा. उपांत्य सामन्यातही तेच. फौजेत हयात गेलेला माणूस. हात कापतो म्हणावं, तर तसंही नाही.

"लालासाहेब, चेंडू सरळ उडवा की," चहा पिताना मी म्हणाले.

"आवं मॅडम, पोरीला झुकतं माप दिलं म्हंत्यात लोक. त्यापरीस ती हरल्याली बरी."

मला संतापच आला. आपलं नाव राखायला पोरीच्या हातचा चेंडू घालवायचा, हा कुठला प्रामाणिकपणा? पण वाद घालायचंही त्राण उरलं नव्हतं.

अंतिम सामन्यात चेंडू वर गेला आणि पुन्हा सांगलीच्या मुलीकडे झुकला. क्रांतीनं धड उडीही मारली नाही. बापाच्या हाताची सवय झाली होती तिला. ते मला बघवेना. चेंडू वाकडा गेला तर दुसऱ्या पंचानं थांबवायचं असतं. मी शिट्टी मारली आणि ओरडले, "पुन्हा!"

लालासाहेबांचं तोंड उतरलं. सगळ्या मैदानासमोर चूक निघाली होती. त्यांनी घाम पुसला, लेकीकडे एकदा पाहिलं आणि चेंडू उडवला. अगदी सरळ.

क्रांती जीव खाऊन उडाली. पण सांगलीच्या मुलीचा हात बोटभर वर पोचला आणि चेंडू तिकडे गेला.

पहिल्या विश्रांतीत क्रांती बापापुढं येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता रडते.

"आबा, ह्यो चेंडू मी हरले," ती धापा टाकत म्हणाली. "आदीच्या येळंला तुमी हरिवलं व्हतं. इथनं म्होरं माझं मला हरू द्या."