कौल आणि दुसरी तारीख

दीपिकाचं लग्न ठरवताना मी देवळात कौल घेतला होता. देवाला लावलेली उजवीकडची पाकळी पडली आणि मी वेंगुर्ल्याच्या विनीतला होकार कळवला. चार वर्षांनी ती माहेरी आली. मारहाण नव्हती, दोघं एका घरात मुक्यासारखी राहत होती. मी पुन्हा कौल घेतला. मुलीने परत नांदायला जावं का? पुन्हा उजवी.

घरी येऊन सांगितलं. माझी बायको जानकी म्हणाली, "देवाक दोनदा इचारलात. चेडवाक एकदा तरी इचारलात?"

मला राग आला. मुलीला काय विचारायचं असतं!

वर्षभर वेगळं राहून दोघांनी संमतीने घटस्फोटाचा अर्ज केला. वकील प्राजक्ताताईंनी समजावलं, "आज पहिला जबाब. मग सहा महिने विचाराला. दुसऱ्या तारखेपर्यंत कुणीही माघार घेऊ शकतं." मला वाटलं, बरं झालं, तोवर देवाचा शब्द खरा होईल.

चौथ्या महिन्यात जानकी गेली. सकाळी बाजारात मासे विकून आली, दुपारी नव्हती. तिला विचाराला कुणी वेळ दिला नाही.

दुसऱ्या तारखेला न्यायाधीश बाईंनी आधी विनीतला विचारलं, मग दीपिकाला.

"तुमच्यावर कुणाचा दबाव?"

"बाबा परत जा म्हणाले होते. देवाचा कौल होता."

मी मान खाली घातली.

"आणि तुम्हाला काय हवंय?"

टाइप करणाऱ्याने बोटं वर धरली. काळ्या कोटातले वकील गप्प झाले. गुरव पाकळीकडे बघत थांबतो, तसं सगळं कोर्ट माझ्या मुलीच्या तोंडाकडे बघत थांबलं होतं. एवढं मोठं सरकार, आणि तिच्या शब्दाशिवाय पुढे जात नव्हतं.

"मला वेगळं व्हायचंय," ती म्हणाली.

तेवढंच लिहिलं गेलं. तिने वाचून सही केली.

गावात शिरताना रिक्षात मी विचारलं, "आता तुका काय व्हया गो?"

ती हसली. "आता इचारतास, बाबा?" मग बाहेर बघत म्हणाली, "माका आयेच्या जाग्यार बाजारात बसूचा आसा."

देवळाचा फाटा आला. रिक्षावाल्याने सवयीने वेग कमी केला.

"सरळ घे," मी म्हणालो. "बाजारात."