एकेरी टीप

चैत्रालीने डाव्या खांद्यावरची लाल मूठ खसकन ओढली. पाठीवरच्या बॅगेत गॅस सुटल्याचा फस्स आवाज झाला, बॅग दोन्ही अंगांनी टरटरून फुगली आणि तशीच राहिली. झाकणाची शिवण काही उघडली नाही. तीन सेकंदांत उघडायला हवी होती. दहा झाले. अंगणात लेस्टरचा भुरभुर पाऊस पडत होता आणि ते कोंडलेलं ओझं पाठीवर घेऊन चैत्राली खांबासारखी उभी होती.

"गिरीशदादा, ओपन नाही होत," ती म्हणाली.

गिरीशने हातातलं घड्याळ बंद केलं, तिला पाठमोरी वळवलं आणि झडप सैल करून गॅस सोडून दिला. बॅग निमूट खाली बसली.

बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्लीतला हा छोटा कारखाना पूर्वी शाळेचे गणवेश शिवायचा. पुण्याहून आलेल्या गिरीशने तो घेतला आणि गेल्या वर्षापासून, म्हणजे २००६ पासून, तिथे बर्फात घसरत जाणाऱ्यांसाठी बॅगा शिवल्या जाऊ लागल्या. वरून हिमकडा सुटला की मूठ ओढायची. पाठीतून दीडशे लिटर हवेचा नारिंगी फुगा बाहेर येतो आणि वाहत्या बर्फात माणसाला वर ठेवतो. तो कसा ठेवतो, हे इथेच वाढलेल्या, बॅगांची चाचणी घेणाऱ्या चैत्रालीने लीलावतीबाईंना त्यांच्याच डब्यातल्या चिवड्यावर दाखवलं होतं. डबा गदागदा हलवून तिने झाकण काढलं होतं. "बघा मावशी, शेंगदाणे वर आले. मोठा असला की वर येतो. माणूस पण तसाच."

लीलावतीबाईंना ते फार आवडलं होतं. देवाने चिवड्यात घालून ठेवलेली गोष्ट कुणाच्या तरी लक्षात आली आणि त्याने तिची बॅग केली, याचं त्यांना किती दिवस कौतुक वाटत राहिलं. एकच गोष्ट त्यांच्या गळी उतरत नव्हती. झाकणाची शिवण कच्च्या पांढऱ्या दोऱ्याची, एकेरी टिपेची. फांदी अडकली, कुणी ओढली, तरी टिकायची. पण आतून फुग्याचा रेटा आला की या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवून मोकळी व्हायची. बडोद्याहून आल्यापासून तेहतीस वर्षं त्या मशीनवर बसत होत्या. उसवावी म्हणून टीप मारायची, हे त्यांच्या हातांना ठाऊक नव्हतं. अंगणात चाचणी असली की त्या टेपवरचं कीर्तन मोठं करायच्या. आपले टाके फुटल्याचा आवाज त्यांना ऐकवत नसे.

आज मात्र टेप बंद होती. त्या खिडकीतून बघत होत्या.

गिरीशने कात्रीने झाकण उचकटलं. पांढऱ्या टिपेला लागून आतल्या बाजूने दुसरी एक टीप होती. काळा नायलॉनचा दोरा, बारीक टाके, आखल्यासारखी सरळ.

"शनिवारचं फ्रान्सला जाणं कॅन्सल कर," तो चैत्रालीला म्हणाला. "एक नाही उघडली म्हणजे न्यायच्या बाराही नाही उघडणार असं धरायचं."

"तिथली टीम वाट बघते, दादा. त्यांचा सीझन चालू आहे. रोज बर्फात वर जातात ते, काहीच नाही पाठीवर."

"म्हणून न उघडणारी देऊ?"

लीलावतीबाई चष्मा कपाळावर चढवून अंगणात आल्या. पदर डोक्यावर घ्यायचंही त्यांना सुचलं नाही.

"ती टीप माझी आहे, गिरीशभाऊ."

"ते दिसतंच आहे, लीलाताई. इतका सरळ हात इथे दुसऱ्या कुणाचा आहे?" त्याचा आवाज चढला नव्हता. "किती बॅगांना मारलीत?"

"एकीलाच."

"नीट आठवून सांगा."

"आठवायचंय काय त्यात. हिच्यावर नाव होतं."

चैत्रालीने बॅग उलटी केली. आतल्या कप्प्यावर तिनेच खडूने आपलं नाव लिहिलं होतं, मराठीत, लहान मुलासारख्या मोठ्या अक्षरांत. अर्धं पुसलं होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"मावशी," ती हसत म्हणाली, पण हसू ओठांवरच राहिलं, "मला मारणार होता तुम्ही."

लीलावतीबाईंनी मान हलवली. ते नाही म्हणणं होतं की हो, कळलं नाही.

"बाकीच्यांना मारली मी कच्ची टीप. मारली मुकाट्याने. पण तुझ्या पाठीवर..." त्यांनी हात पदराला पुसले. "हात धजला नाही, पोरी."

गिरीशने आत जाऊन उरलेल्या अकरा बॅगांची झाकणं एकेक करून बोटांनी चाचपली. सगळीकडे एकच टीप लागत होती. तरी त्याने त्यातली एक उचलली आणि चैत्रालीच्या पाठीवर चढवली.

"लीलाताई, आत जाऊ नका. बघा."

चैत्रालीने मूठ ओढली. फस्स झालं आणि शिवण डाव्या टोकाला सुटली. मग टाक्यामागून टाका, तडतड तडतड, जशी बोटं झरझर मृदंगावर फिरावीत. एकही टाका अडला नाही, एकही आधी गेला नाही. नारिंगी कापड भसकन वर आलं, पंखांसारखं दोन्हीकडे पसरलं आणि चैत्राली त्याच्यापुढे एवढीशी दिसू लागली. गिरीशने घड्याळ दाखवलं. पुरते तीन सेकंदही झाले नव्हते.

लीलावतीबाईंचे हात आपोआप जुळले. गेल्याच रविवारी हॉलमधल्या कीर्तनात बुवांनी खांबातून देव प्रकटल्याचं आख्यान लावलं होतं. झांजा थांबवून, सूर अगदी खाली आणून ते म्हणाले होते, खांब काही कच्चा नव्हता हो. राजवाडा त्याच्यावर उभा होता. पण लेकराची हाक आली आणि तो अडून राहिला नाही, एवढंच त्याचं थोरपण. तेव्हा लीलावतीबाईंनी डोळे पुसले होते. आणि सोमवारी सकाळी कामावर येऊन काळा दोरा ओवला होता.

"हिची मी शिवतो," गिरीश चैत्रालीची बॅग उचलत म्हणाला.

"नाही, दादा. मावशीच शिवणार."

"चैत्राली, आत्ताच काय झालं ते—"

"तुझी टीप बघितली आहे मी. नागमोडी जाते."

लीलावतीबाई मशीनवर बसल्या. काळा दोरा त्यांनी उसवून काढला, त्याची गुंडाळी केली आणि ती कचऱ्यात न टाकता खणात ठेवली. मग पांढरा दोरा ओवला. सुरुवातीचे चार टाके वाकडे गेले. ते काढून पुन्हा घातले. पाय पट्टीवर ठेवून त्या कितीतरी वेळ नुसत्याच बसल्या, आणि मग एका दमात टीप शेवटपर्यंत नेली. एकेरी. शेवटी दोरा तोडला तो दातांनी, कात्री शेजारीच असताना.

"एकदा ओढून बघ," बॅग देताना त्या म्हणाल्या.

"ओढला की टीप गेला. मग परत शिवायचा, परत ओढायचा." चैत्रालीने बॅग खांद्याला लावली. "मग फ्रान्सला कधी जाऊ, मावशी?"

चाचणीत उसवलेलीही शिवून झाली आणि शनिवारी चैत्राली बारा बॅगा घेऊन गेली. पुढचे दहा दिवस लीलावतीबाईंनी टेप लावली नाही. गिरीशला वाटलं, बिघडली.

अकराव्या दिवशी दुपारी चैत्राली आली. डावं मनगट प्लास्टरमध्ये होतं, नाकावरची कातडी सोललेली. तिने उजव्या हाताने बॅग मशीनशेजारच्या टेबलावर ठेवली.

झाकणाची शिवण मोकळी होती. लीलावतीबाईंनी डाव्या टोकाला बोट ठेवलं आणि हळूहळू पुढे नेलं. तुटलेल्या पांढऱ्या दोऱ्याचे तुरे दोन्ही काठांना सारख्या अंतराने उभे होते. मध्ये एके ठिकाणी पाइनचं सुईसारखं पान अडकलं होतं. बोट उजव्या टोकाला पोचलं तेव्हा त्यांनी श्वास सोडला.

"शिवून देता ना परत?" चैत्रालीने विचारलं.

"देते की." त्यांनी बॅग जवळ ओढली. "चहा घेशील?"

"चिवडा आहे?"

लीलावतीबाईंनी डबा पुढे केला, खणातून पांढरा दोरा काढला आणि त्या सुईच्या नेढ्यात बघायला लागल्या. चैत्रालीने झाकण लगेच उघडलं नाही. डबा छातीशी धरून, एका हाताने, तिने तो चांगला गदागदा हलवला. मग उघडला आणि वर आलेल्या शेंगदाण्यांकडे, एकही न खाता, बराच वेळ बघत बसली.