वळणावर हळू होणारा डंपर

मित्रांनो, माझी चाके धड होती तेव्हा त्यांच्याशी उभे राहिला असतात तर तुमचे डोके त्यांच्या निम्म्यापर्यंतही पोहोचले नसते. मी कोळशाच्या खाणीतला डंपर आहे. आता जुना झालो आहे. कझाकस्तानच्या उत्तरेकडच्या माळावर, खाणीच्या कुंपणापाशी, मोडीत काढलेल्या यंत्रांच्या रांगेत मला आणून उभे केले आहे. टायर काढून नेले, दिवे काढून नेले, इंजिनातले जे जे कामाचे होते ते नेले. केबिन तेवढी ठेवली, कारण केबिन आता कुणालाच नको आहे. ती का नको, तेच मला सांगायचे आहे. इथला वारा काही थांबायचा नाही, तेव्हा जरा जवळ सरकून ऐका.

माझा जन्म दूर बेलारूसमधल्या एका कारखान्यात झाला. सुट्या भागांच्या रूपात मी मालगाडीतून आलो आणि खाणीच्या आवारात मला जोडले. पहिल्यांदा माझे इंजिन गुरगुरले तेव्हा सगळी वस्ती बघायला लोटली होती. माझ्यासाठी तोलेगेन नावाचा ड्रायव्हर निवडला होता. खांद्यांनी रुंद, बोलायला कमी. त्याची म्हातारी आई कोटाच्या खिशांत खाऊच्या गोळ्या भरून आली होती. तिने मुठीमुठीने त्या माझ्यावर उधळल्या आणि पोरे त्या वेचायला माझ्या चाकांखाली शिरली. मग तिने मेंढीच्या चरबीचे बोट माझ्या नाकाडावर ओढले.

फोरमन हसून म्हणाला, "आजी, याला तेल लागतं, चरबी नाही!"

"तेल तू घाल, ते तुझं काम," म्हातारी म्हणाली. "चरबी आईनं लावायची असते."

जाताना तिने कातडी तिकोनी ताईत लेकाच्या हाती दिला. तोलेगेनने तो केबिनमधल्या आरशाला बांधला.

त्यानंतरची वर्षे माझ्या ऐन उमेदीची होती. खाण म्हणजे जमिनीत कोरलेले मोठे थोरले ताट. त्याच्या तळातून कोळसा भरून घ्यायचा, वळणावळणाच्या रस्त्याने वर चढायचे, गाड्यांच्या रुळाशी तो ओतायचा आणि रिकामे होऊन पुन्हा खाली यायचे. तोलेगेनने मला कधी मारून मुटकून चालवले नाही. कडाक्याच्या थंडीत इंजिन कुरकुरले की तो म्हणायचा, "चल रे, घरी दोघांनाही चहा आहे." त्याची बायको कुलाश दुधाच्या चहाचा थर्मास आणि सुक्या दह्याचे खारट गोळे बांधून द्यायची. माझ्या चहाचे काही खरे नव्हते, पण ऐकायला बरे वाटायचे. त्याच्या पगारावर घर उभे राहिले, मुलगी मेरुएर्त नर्सिंग शिकायला शहरात गेली. ऑफिसच्या दाराशी आम्हा दोघांचा फोटो लावला होता. येणारा जाणारा तो पाहायचा आणि मला उगाच मोठे झाल्यासारखे वाटायचे.

त्याचा धाकटा भाऊ सापार माझ्या मागचा डंपर चालवायचा. एका हिवाळ्यात आंधळे हिमवादळ उठले आणि सापारची गाडी रस्ता सोडून कड्यावरून खाली गेली. खाणीतून वर आल्यावर रस्ता जिथे वळतो, तिथल्या टेकाडावर जुने कब्रस्तान आहे. सापारला तिथे ठेवले. वस्तीतून कब्रस्तानाकडे जायचे तर आमचा रस्ता ओलांडावा लागतो. त्या दिवशी आम्ही सगळे डंपर रस्त्यावर रांगेने उभे होतो. ड्रायव्हर खाली उतरले, त्यांनी खांदा दिला, आणि गालिच्यात गुंडाळलेला सापार आमच्या समोरून सावकाश पलीकडे गेला. तोवर एकही चाक हलले नाही, आणि कुणी हलवा म्हटलेही नाही.

कबरीजवळून जाताना वेग कमी करायचा आणि दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवायचे, ही आमच्याकडची रीत. व्हिक्टर नावाचा रशियन ड्रायव्हर होता, तोसुद्धा तिथे आला की रेडिओ बारीक करायचा. तोलेगेन तर जाताना आणि येताना, भरलेला असो की रिकामा, त्या वळणावर पेडलवरून पाय काढायचाच. मी हळू व्हायचो. तो क्षणभर स्टिअरिंग सोडून तळवे तोंडावरून फिरवायचा आणि आम्ही पुढे जायचो.

मग एका शरदात दानियार आला. इंजिनिअर, पण इथलाच. त्याचे आजोबाही त्याच टेकाडावर निजलेले. त्याने माझ्या अंगाला कॅमेऱ्यांचे डोळे बसवले आणि सीटमागे एक काळा डबा ठेवला.

"आगा, तुम्ही काही वेगळं करू नका," तो तोलेगेनला म्हणाला; वडीलधाऱ्याला आमच्याकडे आगाच म्हणतात. "रोजच्यासारखं चालवा. हा बघत राहील, शिकत राहील."

"शिकून काय करेल?"

दानियारने डब्याची वायर उगाच पुन्हा एकदा ओढून बघितली. "पुढे... स्वतः चालवेल."

"आणि मी?"

"शिकवणाऱ्याला कोण काढतंय आगा? तुमच्यासाठी कंट्रोल रूममध्ये खुर्ची आहे. साहेबांनी सांगितलंय."

जेवणाच्या सुट्टीत व्हिक्टरने तोलेगेनला चांगलेच सुनावले. "खण बाबा खण! आपली सगळ्यांची कबर खण, आणि वर त्यांच्याकडून शाबासकी घे!"

"मी नाही म्हटलं तर तुला बसवतील," तोलेगेन म्हणाला. "आणि तू शिकवलंस तर पहिल्याच वळणावर सगळ्या गाड्या दरीत."

सगळे हसले, व्हिक्टरही हसला, पण त्याने तोलेगेनच्या थर्मासमधला चहा घेतला नाही.

मित्रांनो, तोलेगेनला काम टिकवायचे होते, एवढेच. पण अर्धवट काही करणे त्याच्या स्वभावात नव्हते. सगळा हिवाळा तो त्या डब्याशी हाताखालच्या माणसाशी बोलावे तसे बोलला. "बघ बाळा, इथं बर्फाखाली पाणी असतं, ब्रेकला हात लावायचा नाही." "आता भार मागे आहे, घाई नको." आपल्या पोराला शिकवावे तशा मायेने त्याने आपली सारी विद्या त्या डब्यात ओतली. मला सगळे कळत होते आणि बोलता येत नव्हते.

वसंतात सगळ्या ड्रायव्हरांना एकाच सकाळी घरी पाठवले. तोलेगेनला खुर्ची मिळाली, खोटे कशाला बोलू. पण बर्फ पुरते वितळायच्या आत, आम्हाला एकटे रस्त्यावर सोडायच्या आधीच, ती खुर्चीही गेली. एका पडद्यासमोर दोन माणसे कशाला, असे वरून विचारले म्हणे. तो थर्मास न्यायला माझ्या केबिनमध्ये चढला. ताईताच्या गाठीला त्याने हात घातला आणि मागे घेतला.

"राहू दे," तो मला म्हणाला. "एकटा जाणार आहेस."

मी एकटा जाऊ लागलो. स्टिअरिंग आपोआप फिरायचे, पेडल आपोआप दबायचे आणि सीट रिकामी असायची. आणि मित्रांनो, पहिल्याच फेरीला कब्रस्तानाच्या वळणावर मी हळू झालो! कुणी मुद्दाम शिकवले नव्हते. डब्याने तोलेगेनचा पाय पाहिला होता आणि तेही उचलले होते. एकाचे शिकणे सगळ्यांना दिले होते, त्यामुळे माझ्या मागचे सगळेच त्या जागी हळू व्हायचे.

तोलेगेनला काम मिळत नव्हते. कुलाश बाजारात बाउरसाक, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, विकायला बसू लागली. "अहो, घरात बसून भिंतीला काय बघता, भावाकडे तरी जाऊन या," असे ती एक दिवस म्हणाली आणि तो टेकाडावर आला. तेव्हा त्याने मला हळू होताना पाहिले. तो ताडकन उठून उभा राहिला. रोज माझ्या आत बसून फिरवायचा तसे त्याने तळवे चेहऱ्यावरून फिरवले. दुसऱ्या दिवशी तो व्हिक्टरला घेऊन आला.

"अरे देवा," व्हिक्टर म्हणाला. "तुझा पोरगा सलाम करतोय!"

मग बेकार झालेले बाकीचेही येऊ लागले. थर्मास घेऊन बसायचे, आमची वाट बघायचे. "हा बघ झाला हळू," "हा जरा उशिरा झाला, व्हिक्टरवर गेलाय," अशी चेष्टा चालायची. आपले काहीतरी आत राहिले आहे, एवढ्यावर ती माणसे दिवस काढत होती. मीही त्या वळणासाठीच दिवसभर चालायचो.

ऑफिसने ते हेरले. रस्त्यात चढ नाही, खड्डा नाही, मग सगळ्या गाड्या तिथे वेळ का घालवतात? दानियार माझ्या केबिनमध्ये येऊन बसला. वळण आले, मी हळू झालो, त्याने खिडकीबाहेर पाहिले आणि त्याचे हात आपोआप चेहऱ्याकडे गेले. तेव्हा त्याला समजले. त्याने फोन लावला.

"साहेब, हा बिघाड नाहीये."

"मग काय आहे?"

दानियार टेकाडाकडे बघत म्हणाला, "कब्रस्तान आहे इथं."

"गाडीचं कोण मेलंय तिथं? काढून टाक ते."

त्याने मला थांबवले आणि उतरून तो टेकाडावर गेला. "आगा, उद्यापासून गाड्या इथं हळू होणार नाहीत," तो खाली मान घालून म्हणाला. "मला नाही म्हणता येत नाही. घर आहे, आई आहे."

तोलेगेन रागावला नाही. त्याने चहा पुढे केला. "पोरा, तुझ्या खुर्चीमागंही डबा ठेवलाय का?"

दानियारच्या हातात कप तसाच राहिला. "ठेवलाय," तो म्हणाला. "दुरुस्ती मी कशी करतो, ते शिकतोय."

दुसऱ्या दिवशी मी त्या वळणावरून भरधाव गेलो. मला थांबायचे होते हो! पण पेडल माझे नव्हते. तोलेगेन तळवे वर करून उभा होता. माझ्या मागे उठलेली कोळशाची धूळ त्याच्या तळव्यांवर बसली आणि तेच तळवे त्याने चेहऱ्यावरून फिरवले. पाळी संपवून घरी जाताना असायचा तसा काळा चेहरा घेऊन तो खाली उतरला. त्यानंतर तिथे चहाला कुणी बसले नाही.

पुढच्या हिवाळ्यात तोलेगेनची छाती भरली. मेरुएर्त शहरातून आली, पण उशीर झाला होता. वस्तीतली पुरुषमाणसे त्याला गालिच्यात गुंडाळून खांद्यावर घेऊन निघाली आणि आमच्या रस्त्याशी येऊन थांबली. आम्ही येत होतो, एकामागून एक. रस्त्यात कुणी उभे असेल तरच आमच्या डोळ्यांना अडथळा दिसतो, आणि तसे उभे राहायला मनाई होती. कडेची माणसे म्हणजे आम्हाला कडेचे खांब. व्हिक्टरने कंट्रोल रूमला फोन लावला. दानियार तिथे नव्हता, त्याचीही खुर्ची गेली होती. फोन दूरच्या कुठल्याशा शहरात वाजला.

"अरे, मयत आहे! दोन मिनिटं थांबवा!" व्हिक्टर ओरडत होता.

पलीकडचा आवाज म्हणाला, "वरून परवानगी घ्यावी लागेल."

मी तोलेगेनच्या अगदी जवळून गेलो. माझा वारा लागून गालिच्याचा कोपरा उडाला आणि कुणीतरी तो पुन्हा सारखा केला. परवानगी आलीच नाही. शेवटी दोन गाड्यांमधली फट साधून ती माणसे पलीकडे गेली. मित्रांनो, मयत खांद्यावर घेऊन माणसे धावली.

त्यानंतर लवकरच नवे डंपर आले. त्यांना केबिनच नाही, दार नाही, सीट नाही. मला इथे आणून ठेवले.

तुम्ही मोठे व्हाल, आमच्याहून हुशार यंत्रे बनवाल. जरूर बनवा. पण ज्याच्या हातचे काम यंत्राला शिकवाल, त्याने उद्या कुठे जायचे हे त्याच दिवशी ठरवा. नंतर ठरवू म्हणाल तर ते राहून जाते. यंत्राकडून त्याची अपेक्षा ठेवू नका. आम्हाला जे द्याल ते आम्ही करतो आणि काढून घ्याल ते आमच्याकडे राहत नाही.

आणि एक काम आहे. माझ्या आरशाला तो ताईत अजून लटकतो आहे. तुमच्यापैकी कुणी वस्तीकडे जाणार असेल तर वर चढून तो सोडवा आणि बाजारात बाउरसाक विकणाऱ्या कुलाशला नेऊन द्या. केबिनचे दार उघडेच असते.