गिळणं आणि दाखवणं

मे महिन्याच्या सुट्टीत सरू रोह्याहून माहेरी आली, तेव्हा पेणजवळच्या त्या खाडीकाठच्या घरात सगळीकडे नम्रताचंच कौतुक चाललं होतं. धाकटी बहीण नम्रता मुंबईत संशोधन करत होती आणि बंगळूरच्या परिषदेत तिचं भाषण ठरलं होतं. मिठागरावरून आलेले आबा येईल त्याला हेच सांगत होते.

एम.एस्सी.ला गणितात पहिली आली होती ती सरू. पुढं लग्न झालं, मूल झालं, आणि रोह्याच्या ज्युनियर कॉलेजात बारावीला शिकवण्यावर गाडी थांबली. गणिताची गोडी नम्रताला लावली तीही तिनंच. आता त्याच पोरीचं कौतुक ऐकताना तिचा जळफळाट होत होता.

"म्हणजे तू करते तरी काय गो?" आईनं नम्रताला विचारलं.

"आये, आपल्या रक्तात पहारेकरी पेशी असतात. त्या जंतू गिळतात, त्याचे तुकडे करतात आणि एक तुकडा अंगावर आणून बाकीच्या पेशींना दाखवतात. मग त्यांना कळतं, कुणाशी लढायचं. हे किती वेगानं होतं, त्याचं मी गणित मांडते."

तिनं आलेख पसरला. प्रयोगातले ठिपके पहिला तासभर तळाशीच होते आणि मग वर चढत होते. नम्रताची रेघ मात्र सुरुवातीपासूनच वर निघाली होती. कुठं चुकतंय ते नम्रताला महिनाभर सापडलं नव्हतं. सरूला एका नजरेत दिसलं. तिला इतकं बरं वाटलं की ती गप्पच राहिली.

सकाळी शेजारच्या काशीबाई आल्या. आबा म्हणाले, "सरू पण हुशार हाय, पोरांना शिकवते. पण नम्रताची गोष्टच येगली!"

"आबा, तिचं गणित चुकलंय," सरू सगळ्यांसमोर म्हणाली.

नम्रताचा चेहरा पडेल म्हणून ती बघत राहिली. पण नम्रता धावत जाऊन कागदच घेऊन आली. "कुठं? दाखव ना, ताई!"

"गिळलं की लगेच दाखवलं, असं मांडलंयस तू. मधे तुकडे व्हायचे, ते वर यायचे, त्याला वेळ नको? प्रत्येक टप्प्याचं समीकरण वेगळं लिही."

दोघी पडवीत बसल्या. दुपारपर्यंत रेघ ठिपक्यांवर बसली. नम्रतानं तिला मिठीच मारली. तो आनंद खरा होता, आणि सरूला तोच जास्त लागला.

पावसाळ्यात नम्रताच्या शोधनिबंधाचा मसुदा रोह्याला आला. शेवटी बारीक अक्षरात एक ओळ होती: सरूताईंचे आभार. सरू तडक कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेली आणि तिनं नम्रताला फोन लावला.

"मला आभार नकोत. नाव पाहिजे."

पलीकडून नम्रता म्हणाली, "आमचे मार्गदर्शक सर म्हणाले, घरच्या माणसाचं नाव घालता येत नाही. मी भांडले गं."

"मग मी येते. त्यांनाच सांगते."

नवरा हरेश कंपनीत पहिल्या शिफ्टला होता. पोराला शेजारी सोडून ती मुंबईला गेली. सरांनी खडू हातात दिला तो थोडा गंमत म्हणूनच. सरूनं फळ्यावर टप्पे मांडले. मग वाटेत सुचलेलंही मांडलं: गिळलेल्यातलं बरंचसं पेशी नष्टच करते, तो हिशोब कुठंय? सर खुर्ची ओढून पुढं सरकले. "तुम्ही पीएच.डी. का नाही केली?" त्यांनी विचारलं. पुढचा तासभर ते नम्रताकडं वळलेसुद्धा नाहीत.

निबंधावर सरूचं नाव घालायचं ठरलं. सरू खडूचे हात झटकत वळली. मागच्या बाकावर नम्रता ओठ आवळून बसली होती.

"चहा घेऊ या?" सरूनं विचारलं.

"तू घे. मला काम आहे," नम्रता म्हणाली आणि वर न बघता कागद गोळा करू लागली.

सरू जिना उतरली. आपल्याला वाईट वाटायला हवं, हे तिला कळत होतं. कँटीनमध्ये तिनं चहाबरोबर बटाटेवडाही मागवला.