जरीच्या कडेची पट्टी

मी एक जुनी पट्टी आहे, मित्रांनो. रेघा आखायची नव्हे, जखमेवरचीही नव्हे. शिक्षकांच्या डोळ्यांवर बांधायची.

छत्रीला किंवा सायकलीला आपली गोष्ट सलग सांगता येत असेल. मला नाही येत. मी जगले ती पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत. बांधली, सोडली, पिशवीत टाकली. तेव्हा सांगणार तेही तुकड्यांतच.

पिशवीत

माझा जन्म एका सत्कारात झाला. अनिता मॅडम बारामतीला राहतात आणि विशेष शिक्षिका आहेत. म्हणजे आपल्या नेहमीच्या शाळांत जी दिव्यांग मुलं शिकतात, त्यांच्याकडे जायचं आणि त्यांच्या शिक्षकांना सांगायचं, की या मुलासाठी वर्गात काय बदल करा. एखाद्याला पुढचा बाक द्या, एखाद्याला पेपरला जास्त वेळ द्या, एखाद्याशी बोलताना तोंड त्याच्याकडे असू द्या. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी शिक्षकांसाठी पहिलं प्रशिक्षण भरवलं, तेव्हा त्यांच्या गळ्यात एक भगवं उपरणं पडलं. घरी येऊन त्यांनी कात्री घेतली. उपरण्याच्या बारा पट्ट्या झाल्या, पुढच्या प्रशिक्षणांत शिक्षकांना न दिसणं अनुभवता यावं म्हणून. उजेड आत येऊ नये म्हणून प्रत्येकीला दुहेरी घडी घालून टीप मारली.

अकरा जणी मऊ निघाल्या. माझ्या वाट्याला उपरण्याची कड आली, जरीची. या कडेची जर नाकाला टोचते. म्हणून जिच्या-ज्याच्या डोळ्यांवर मी येते, ती व्यक्ती मला हळूच वर सरकवते, आणि नाकाच्या डाव्या बाजूला गव्हाच्या दाण्याएवढी फट राहते. "हिच्यातून दिसतं, ही काही कामाची नाही," असं मॅडम म्हणायच्या आणि मला सगळ्यांत खाली ठेवायच्या. पण बारा जणांना पुढे बोलावलं की बारावी मीच असायचे.

बांधली

कपाळ. त्यावर घाम, कधी तेल, कधी अष्टगंध. खाली दोन पापण्या, अडकलेल्या पाखरासारख्या. दारापासून खुर्चीपर्यंत चालत जायचं, एवढंच काम. खुर्च्या सरकतात, लोक हसतात, कुणीतरी मोबाइलवर फोटो काढतं. अहवालाला फोटो लागतात.

सोडली

सोडल्यावर सगळे एकच वाक्य बोलतात. "फारच अवघड आहे हो मॅडम यांचं."

सुरुवातीला मला बरं वाटायचं. वाटायचं, आपण काहीतरी शिकवलं. मग एक शिक्षक मला सोडून आपल्या शाळेत गेले आणि त्यांनी वर्गातल्या सुयोग नावाच्या अंध मुलाला सगळ्यातून सूट दिली. गणित नको, प्रयोग नको, मैदान नको. "तू बस रे बाळा. तुझं किती अवघड असतं ते मी अनुभवलंय." सुयोग दोन वर्षं नुसता बसून राहिला. मॅडम हे स्कूटीवर एकट्याच बोलत होत्या, तेव्हा मी पिशवीतून ऐकलं.

लोकांना वाटतं, कापड धुण्यानं विरतं.

पिशवीत

त्यानंतरची कितीतरी कपाळं मला आठवत नाहीत. शेळगाव, कळंब, बारामती, पुन्हा बारामती. चहा, सह्या, पट्ट्या, फोटो. मॅडमही थकल्या होत्या. पूर्वी त्या पट्टी बांधताना विचारायच्या, "घट्ट झाली का?" आता विचारत नव्हत्या.

फेब्रुवारीत एकदा भिगवणच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांमागे स्कूटी रांगत चालली होती. उजनीचं पाणी जिथे जवळ येतं, तिथल्या एका गावात मॅडम एका गवारीच्या रानाशी थांबल्या. रान दादासोचं. त्याची मुलगी प्राची सहावीत. तिला डोळ्यांच्या मधोमध दिसत नाही, कडेनं दिसतं. म्हणून समोरचं काही पाहायचं असलं की ती हनुवटी वर करते आणि मान एका बाजूला कलवते. मॅडम तिच्यासाठी महिन्यातून एकदा शाळेत जायच्या.

"मॅडम, गुरुजींनी पत्र लिवलंय," दादासो म्हणाला. "अंधांच्या शाळंत घालायचं म्हणत्यात. तितंच ऱ्हायाचं, वसतिगृहात. परवा सही कराया बोलावलंय."

"तुमचं काय म्हणणं आहे?"

"माझं काय? गुरुजी शिकल्यालं माणूस. पर मॅडम, ही आंधळी हाय का? हितं माझ्या बरुबरीनं गवार तोडती. कवळी तेवढी तोडती, जून शेंग ठिवती. मान अशी करून."

प्राची सरीतच असावी. तिचा आवाज अगदी जवळून आला. "गुरुजी म्हणत्यात मान सरळ ठेव. सरळ ठेवली की फळा जातो."

"मग त्यांना सांगितलंस का?"

"सांगितलं. म्हणाले, नखरे करू नको."

मॅडमची पावलं दादासोकडे वळली. मग मॅडम म्हणाल्या, "उद्या प्रशिक्षण आहे. गुरुजी येणार आहेत त्याला. मी निरोप देईपर्यंत सही करू नका."

"परशिक्षणानं काय हुतंय, मॅडम?" दादासोनं विचारलं. टोमणा नव्हता त्यात. त्याला खरंच माहीत नव्हतं.

मॅडमनी स्कूटी सुरू केली.

पिशवीत, पण तोंड उघडं

आसपासच्या गावांतल्या शाळांचे चाळीस शिक्षक. मी टेबलावर पिशवीत. शेजारी चहाचे कप.

सर्जेराव गुरुजी आले. हे प्राचीचे वर्गशिक्षक. वय बावन्न, आवाज जड, माणूस वाईट नाही. ते मॅडमना म्हणाले, "मी काय वैरी नाही पोरीचा. वर्षभर सांगतोय, मान सरळ, मान सरळ. मानेला बाक पडला तर उद्या लग्नात कोण विचारील तिला? तिकडं तिच्यासारखी मुलं असतात. तिचं भलंच होईल. हे बघा, पत्र खिशातच हाय माझ्या."

"गुरुजी, ती मुद्दाम नाही करत. मी तुम्हाला जूनमध्येच सांगितलं होतं."

"सांगितलं होतं. मी हो म्हणलं होतं," गुरुजी म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले.

मागच्या रांगेतून हिंदुराव सरांचा आवाज आला. ते प्रत्येक प्रशिक्षणात मागच्या रांगेत असतात. "मॅडम, जेवण कवा हाय तेवढं फळ्यावर लिहा. म्हंजी डोळं बांधलं तरी चिंता नको."

लोक हसले. मॅडमनी फळ्यावर मुकाट्यानं लिहिलं. खडूचा आवाज मी ओळखते. मग बारा जणांना पुढे बोलावलं. अकरा पट्ट्या गेल्या. उरलेली मी सर्जेराव गुरुजींच्या

बांधली

कपाळावर. रुंद कपाळ, आठ्यांचं. जर टोचली. गुरुजींनी मला जरा वर सरकवलं.

तुम्हाला एक गुपित सांगते. मला बांधलेलं प्रत्येक माणूस त्या फटीतून बघतं. मोठमोठे अधिकारीही. पडू नये, लोकांनी हसू नये, म्हणून बघतात. पुढे सोडल्यावर "फारच अवघड आहे हो" म्हणतातच.

गुरुजींनीही बघितलं. पण फट खाली, नाकापाशी. तिच्यातून फक्त आपले बूट दिसतात. समोरची खुर्ची दिसत नाही.

"गुरुजी, जेवण किती वाजता हाय?" हिंदुराव सरांनी मागून विचारलं. "वाचा की फळा."

आता बावन्न वर्षांचा माणूस चाळीस जणांपुढे. गुरुजींनी हनुवटी वर केली. थोडी अजून. मग मान डावीकडे कलवली. फटीतून उजेड आत आला. खाली पापण्या थांबल्या.

"दीड वाजता," गुरुजी म्हणाले.

सगळी खोली हसली. "कॉपी, कॉपी," कुणी म्हणालं. "गुरुजी, पर्यवेक्षक कोण हाय तुमच्या शाळंत?" गुरुजीही हसले. फक्त मॅडम हसल्या नाहीत. त्या जवळ आलेल्या मला कळलं.

"गुरुजी, हलू नका. आहे तशीच मान ठेवा."

मोबाइलचा खट्ट आवाज झाला. रोजचाच आवाज.

"आता मान सरळ ठेवा," मॅडम म्हणाल्या.

गुरुजींनी मान सरळ केली. फटीतला उजेड गेला.

"आता फळा वाचा."

गुरुजींच्या पापण्या फटीकडे वळल्या.

"वाचा ना गुरुजी. आत्ताच वाचलात."

"सरळ ठेवल्यावर न्हाय दिसत, मॅडम."

"नखरे करू नका," मॅडम म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. उलट इतका दमलेला होता की मागची रांगसुद्धा गप्प झाली.

माझ्याखाली एक पापणी ओली झाली. अकरा वर्षांत घाम खूप प्यायले होते. हे वेगळं होतं.

सोडली

मला त्यांनी स्वतःच सोडलं. हातातच धरून ठेवलं. मॅडमनी मोबाइल पुढे केला. फोटोत एक जाडजूड माणूस होता, डोळ्यांवर भगवी पट्टी, हनुवटी वर, मान डावीकडे कललेली.

गुरुजींनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, "ही तर प्राचीगत मान हाय."

मॅडमनी मान डोलावली.

"मी तर चोरून बघत होतो," गुरुजी म्हणाले. "ती चोरून न्हवती बघत."

"नाही."

त्या दिवशी गुरुजी "फारच अवघड आहे हो" म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, "मग मी फळ्यावर लिहिताना काय करू?" मित्रांनो, अकरा वर्षांत हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला. मॅडमनाही तो नवा असावा, कारण त्यांनी मोबाइल आधी टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "लिहाल ते मोठ्यानं बोलत लिहा. अक्षर मोठं काढा. तिला कुठं बसल्यावर दिसतं ते तिलाच विचारा. आणि मानेला काही म्हणू नका."

"एवढंच?"

"एवढंच."

दीड वाजता गुरुजींनी खिशातलं पत्र काढलं आणि मॅडमकडे दिलं. ते माझ्या शेजारी पिशवीत आलं. बारामतीपर्यंत आम्ही दोघं एकमेकांना घासत गेलो. घरी मॅडमनी ते पत्र फाडलं आणि चहाला आधण ठेवलं.

बांधली, पण डोळ्यांवर नाही

प्राचीनं स्वतःची जागा स्वतः निवडली. पहिल्या बाकाचं डावं टोक. गुरुजी लिहिता लिहिता मोठ्यानं बोलू लागले. त्याचा फायदा मागच्या बाकावरच्या झोपाळू पोरांनाही झाला, ही गोष्ट वेगळी. दादासोनं जुन्या दाराच्या फळीतून एक उतरती पाटी करून दिली. पुस्तक तिच्यावर ठेवलं की डोळ्यांशी येतं, पाठ दुखत नाही. फक्त ती बाकावरून घसरायची.

"मॅडम, ती जरीची पट्टी द्या मला," गुरुजींनी मागितलं. "नाहीतरी तुम्ही तिला टाकाऊच म्हणता."

तेव्हापासून मी पाटी बाकाला बांधून धरते. दिवसभर उजेडात असते. मराठीचं पुस्तक, गणिताचं पुस्तक, प्राचीच्या श्वासाचा वारा. परीक्षेत तिला जास्तीचा वेळ मिळाला, आणि त्यातला निम्मा तिनं नुसताच बाहेर बघण्यात घालवला. मान कलवून.

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. मला आराम हवा होता.

पण मे महिन्यात बदल्या झाल्या. सर्जेराव गुरुजींना तालुक्याच्या दुसऱ्या टोकाची शाळा मिळाली. शेवटच्या दिवशी ते बाकाशी आले. माझी गाठ त्यांनी दोनदा ओढून पाहिली.

"नवीन सर येतील," ते प्राचीला म्हणाले. "माझ्यागतच असतील. चांगले असतील, पण म्हणतील, मान सरळ ठेव. मी कागदावर लिहून ठेवलंय सगळं. कागद कुणी वाचतंय का, ते मला म्हाईत हाय. तू ही पट्टी सोडायची. म्हणायचं, सैल बांधा आणि फळा वाचा."

"मी सांगू सरांना?"

"तूच सांगायचं. मी किती शाळांत पुरणार?"

सोडली

जून. ऋषिराज सर. तरुण, इस्त्रीचा शर्ट, उत्साह. पहिल्याच दिवशी फळ्यावर तारीख लिहून ते वळले.

"पहिल्या बाकावरची. मान सरळ ठेव बाळ."

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी वस्तू तुम्हाला सांगते, मला जपा, मला फेकू नका. माझं तसं काही मागणं नाही. मी विरले आहे, माझी टीप उसवली आहे, बाकीच्या अकरा जणी अजून मॅडमच्या पिशवीत फिरताहेत आणि पुढचं प्रशिक्षण मंगळवारी आहे. माझं मागणं एवढंच. तुमच्या वर्गात कुणी मान कलवून बघत असेल, कुणी पानाला नाक लावून वाचत असेल, कुणी एकच गोष्ट चारदा विचारत असेल, तर त्याला सरळ करायला जाऊ नका. त्याला कसं जमतं ते त्याला विचारा. आणि एकदा विचारलंत की लक्षात ठेवा. दर जूनला पहिल्यापासून सांगताना दमायला होतं. पट्टीलाही होतं, मग माणसाचं काय.

प्राची उठली. तिनं पाटीखाली हात घातला आणि माझी गाठ सोडली. गाठ तिला न बघता सोडता येते.

"सर, ही डोळ्यांवर बांधा. सैल. आणि फळा वाचा."

वर्गात कुणी हसलं नाही. सरांनी मला हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं. "हे काय आहे?"

"बांधून बघा ना सर," प्राची म्हणाली. "पाच मिनिटं लागतात."

मी पुन्हा

बांधली

गेले. कपाळ कोवळं, पावडरीचा वास. जर टोचली. सरांनी मला जरा वर सरकवलं. पापण्या फडफडल्या, फटीपाशी आल्या, बूट दिसले असतील. हनुवटी वर आली. थोडी अजून.

आणि मग माझ्याखाली त्यांची मान हळूहळू डावीकडे कलू लागली.