चार मिनिटांचा घाट आणि ताडपत्रीवरचा पंप

मित्रांनो, मी एक जुना वॉटर पंप आहे. विहिरीवरचा नव्हे, गाडीच्या इंजिनातला. गाडीला नवा रंग दिला की लोक वाहवा करतात. पंपाची आठवण मात्र तो गळायला लागला की होते, तीही शिवी देण्यापुरती! पण आज मी रडगाणं गाणार नाही. मी इंजिनात नव्हतो आणि तरी आनंदाने थरथरत होतो, त्या दिवसाची ही गोष्ट.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. वितळलेलं ॲल्युमिनियम साच्यात ओतून माझी काया घडवली, पोटात पात्यांचं चक्र बसवलं, बाहेर पुली लावली. इंजिन फिरलं की रबरी बेल्ट माझी पुली फिरवायचा आणि मी पाणी पुढे ढकलायचो. इंजिनात तापलेलं पाणी रेडिएटरमध्ये निवायचं आणि परत माझ्याकडे यायचं. काम एवढंच. पण ते थांबलं तर भलंभलं इंजिन काही मिनिटांत भाजून निघतं.

मला ज्या गॅरेजवालीने बसवलं, तिला तिची भाची आत्या म्हणते. म्हणून माझीही ती आत्याच. आत्याची एक सवय होती. दर सर्व्हिसिंगला ती माझ्या आणि अल्टरनेटरच्या मधला बेल्ट अंगठ्याने दाबायची. अल्टरनेटर म्हणजे बॅटरी भरणारा माझा शेजारी. तोही त्याच बेल्टवर फिरायचा. बेल्ट बोटभर दबला की आत्या म्हणायची, "झकास! माप घ्यायला पट्टी लागते ती शिकाऊंना."

भाची ही गाडी घेऊन घाट चढण्याच्या शर्यतीत उतरायची. चार मिनिटं दहा सेकंदांच्या आत वर पोचेल, त्याला रेसिंगच्या संघात जागा. तीन वर्षं संधी, चौथं नाही. दोनदा ती हुकली होती, दुसऱ्यांदा तर अवघ्या तीन सेकंदांनी.

"आत्या, तीन सेकंद कुठून आणू? मी तर भातसुद्धा सोडलाय!"

"भात खा गं बाई. गाडीची ताकद कोण खातंय ते बघू आधी."

आणि दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

खरं बोलायला मी कुणाच्या बापाला भीत नाही. खाणारा मीच होतो. इंजिन जोरात पळालं की मला गरजेपेक्षा जास्त फिरावं लागायचं आणि त्यात त्याची ताकद वाया जायची. उलट गाडी गर्दीत उभी राहिली, इंजिन तापायला लागलं, की मी पेंगायचो. कारण इंजिन हळू, म्हणजे मीही हळू. नवा इलेक्ट्रिक पंप तसा नव्हता. तो बॅटरीवर चालायचा, लागेल तेवढाच फिरायचा, इंजिन बंद झाल्यावरही पाणी खेळतं ठेवायचा. मग काय! मला काढलं, त्याला बसवलं, आखूड बेल्ट चढवला. आत्याने अंगठा दाबला. "झकास!"

मी त्याला पाण्यात पाहायला लागलो. माझा धंदाच तो.

शर्यतीच्या दिवशी आत्याने मला अडीअडचणीला म्हणून सोबत घेतलं. दोन तास गाडी चालवत दोघी घाटाच्या पायथ्याशी पोचल्या. वजन नको म्हणून मला ताडपत्रीवर पान्यांच्या शेजारी ठेवलं. प्रत्येकाला दोन फेऱ्या होत्या.

पहिली फेरी! गाडी सुटली ती गोळीसारखी. माझं ओझं नसलेलं ते इंजिन काय गात होतं! आणि तिसऱ्या वळणावर त्या गाण्यात एक किंचाळी घुसली. चीं... चीं... भाचीला पाय आवरता घ्यावा लागला. चार मिनिटं एकोणीस.

ती खाली आली तेव्हा तिचा चेहरा इंजिनाइतकाच तापलेला होता. "तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला, आत्या! बॅटरीचा दिवाही लुकलुकत होता. काढ तो नवा शहाणा, जुना बसव!"

शेजारच्या गाडीचा मालक हसला. "सांगितलं होतं ना, फॅशनच्या नादी लागू नका. जुनं ते सोनं."

काय सांगू मित्रांनो, मी फुललो! आत्याने मला उचललं, माझी पुली बोटाने फिरवली. आता मी परत इंजिनात जाणार!

पण ती किंचाळी नव्या पंपाची नव्हती, घसरणाऱ्या बेल्टची होती. ते माझ्याइतकं कुणाला कळणार? मी गेलो तर गाडी थंड राहील, पण ते तीन सेकंदही माझ्यासोबत परत येतील. तेव्हा पहिल्यांदा वाटलं, नको, मला खाली ठेव.

आत्या थबकली. "दिवा लुकलुकत होता म्हणालीस?"

"हो. का?"

आत्याने मला ताडपत्रीवर ठेवून बॅटरीला मीटर लावला. "इंजिन चालू कर. दे रेस." चौदाच्या आसपास दिसायला हवेत तिथे बारासुद्धा व्होल्ट दिसेनात, आणि वर तीच किंचाळी.

"अगं, हा नवा उपाशी आहे! बेल्ट सैल, म्हणून अल्टरनेटर फिरत नाही, म्हणून बॅटरी रिकामी. पंपाने पाणी ढकलायचं कशावर?"

"पण तू तर अंगठ्याने दाबून पाहिला होतास!"

"तिथेच तर माती खाल्ली. आधी अंतर लांब होतं. आता बेल्टचा तुकडा आखूड आहे, आखूड तुकडा सैल असला तरी अंगठ्याला ताठ लागतो." मग ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चूक पंपाची नाही. माझी आहे. कुणाकडे बेल्टचा ताण मोजायचं माप आहे का?"

मघाशी हसणाऱ्या मालकानेच माप आणून दिलं. बॅटरीही उसनी दिली. आत्याने अल्टरनेटर पहारीने मागे रेटला, बेल्ट ताणला, बोल्ट आवळला. मीटरवर चौदा!

दुसरी फेरी. वळण एक, दोन, तीन. किंचाळी नाही! मी ताडपत्रीवरून ओरडत होतो, पळ गं पोरी, पळ! घड्याळवाल्या काकांनी वरून आलेला आकडा दोनदा विचारून खात्री केली आणि मग मोठ्याने वाचला. "चार मिनिटं, सात सेकंद!"

आत्या मटकन ताडपत्रीवर बसली, ती थेट माझ्यावरच. उठली आणि हसत, रडत मलाच मिठी मारली. भाची वर होती, हाताशी दुसरं कोण होतं?

आता मी एका शिक्षिकेच्या गाडीत आहे. त्यांना सेकंदांची घाई नाही, माझं तिथे छान चाललंय. तुम्हाला एवढंच सांगतो. नवं आहे म्हणून नाचू नका आणि जुनं आहे म्हणून पुजू नका. नळाचं पाणी रेडिएटरमध्ये ओतून आम्हाला आतून गंजवू नका, कूलंट वेळेवर बदला. आणि यंत्र किंचाळलं, तर त्याला शिव्या घालण्याआधी बॉनेट उघडा. अर्ध्या वेळा दोष तुमचाच निघेल. तेव्हा तो आत्यासारखा मोठ्याने सांगा. तिला चूक लपवायची असती ना, तर त्या दिवशी मी इंजिनात असतो आणि ती पोरगी कायमची घरी.